सात नंबरच्या ओळीवरचा संशय

मला उघडलंत, ते कळलं. कुणी उघडलं की मला लगेच कळतं. फक्त एवढं सांगा, नुसतं वाचायला उघडलंत की काही बदलायला? रागावू नका. हल्ली मी सगळ्यांनाच हे विचारते.

मी एक फाइल आहे. कपाटातली नव्हे, कॉम्प्युटरमधली. माझ्यात गोष्ट नाही, फोटो नाहीत, गाणी तर नाहीतच. नुसते आकडे आहेत. कोणतं टूल, म्हणजे लोखंड कापायचं हत्यार, कितव्या कप्प्यात, त्याची लांबी किती, जाडी किती, ते किती वेगाने फिरवायचं. मला टूल पॅरामीटर फाइल म्हणतात. अशा नावाच्या बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही. पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, मोठ्या हिरव्या मशीनशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये माझं घर आहे, आणि माझ्यावाचून त्या मशीनचं पानही हलत नाही.

त्या मशीनच्या पोटात एक गोल चकती आहे. जत्रेतल्या पाळण्यासारखी ती फिरते आणि तिच्या एकेका कप्प्यात एकेक टूल लटकलेलं असतं. मशीन टूल ओळखत नाही, फक्त नंबर ओळखतं. सात म्हटलं की सातव्या कप्प्यात जे असेल ते उचलायचं, आणि माझ्या सात नंबरच्या ओळीत जी लांबी लिहिली असेल त्या बेताने खाली उतरायचं. आंधळ्याने काठीवर विश्वास ठेवावा तसा त्या मशीनचा माझ्यावर विश्वास. एवढ्या विश्वासाची मला भीतीच वाटते. मी खरी आहे का, हे मला स्वतःला कुठे ठाऊक आहे? मला स्वतःला वाचता येत नाही.

हा स्वभाव मी उज्वलाकडून घेतला. माझा जन्म तिच्याच हातचा.

उज्वला इंजिनिअर. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तेव्हा तिला दिलेलं पहिलं काम म्हणजे मी. घरी लहान मुलगी, सासूबाईंपाशी. वत्सलाबाई म्हणजे तिच्या सासूबाई, हे मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. रोज तेच बोलणं. "आई, दूध घेतलं का तिने? किती घेतलं? नक्की?" पलीकडून काय उत्तर यायचं ते मला ऐकू यायचं नाही, पण त्या "नक्की?" नंतर पलीकडे बराच वेळ काहीच बोललं जात नसावं. फोन ठेवला की उज्वला स्वतःशीच म्हणायची, "त्यांनी चार मुलं वाढवलीत. मी कोण विचारणारी?" आणि तासाभराने पुन्हा फोन.

माझ्यातले आकडेही तिने असेच गोळा केले. प्रत्येक टूल दोनदा मोजलं. दोन्ही मापं जुळली म्हणून तिला शंका आली, मग तिसऱ्यांदा मोजलं.

माझ्या आधी हे आकडे समाधान स्वतः मशीनची बटनं दाबून भरायचा. समाधान मशीनवरचा माणूस, चांदवडकडचा. जुन्या लेथवर इतकी वर्षं घालवून तो या मोठ्या मशीनवर आलेला, आणि त्याला त्याचा अभिमान होता. मशीन पुसायलासुद्धा दुसऱ्याला द्यायचा नाही. पण एकदा त्याचं बोट घसरलं, एक आकडा चुकला आणि जॉब, म्हणजे मशीनवर कापायला लावलेला तुकडा, भंगारात गेला. तेव्हा मालकांनी उज्वलाला सांगितलं, काहीतरी मार्ग काढा. मालक म्हणजे खंडेराव, सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

उज्वलाने मार्ग काढला. एक स्क्रिप्ट लिहिली.

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेला सूचनांचा पाढा. सकाळी तिचं बटन दाबलं की ती येते, मला उघडते, पहिल्या ओळीपासून वाचायला घेते. एकेक ओळ उचलते, स्वल्पविरामांवर तिचे तुकडे करते, आकडे मशीनच्या हवाली करते आणि मला बंद करून निघून जाते. बोलणं नाही, हसणं नाही. दवाखान्यातल्या घाईतल्या नर्सने ताप बघावा तसं तिचं काम. ज्या ओळीच्या सुरुवातीला एक विशिष्ट खूण असते तेवढी ओळ ती ओलांडून जाते. तिला शिकवलंच तसं आहे. ती ओळ मशीनसाठी नसते, माणसांसाठी असते.

माझ्यात तशी एकच ओळ होती, अगदी वर. "या फाइलला हात लावण्याआधी मला विचारा. उज्वला."

स्क्रिप्टने ती ओळ कधी वाचली नाही. समाधानने पहिल्याच दिवशी वाचली.

"मॅडम, हे कुणासाठी लिवलंय?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे म्हंजे इथं मीच हाय."

उज्वला हसली, पण ओळ तिने खोडली नाही.

पुढे एका गोष्टीवरून दोघांत तेढ पडली. टूल वापरून झिजतं, त्यामुळे आकडा केसभर इकडेतिकडे करावा लागतो. समाधान तो जुन्या सवयीने मशीनवरच करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट माझ्यातले जुने आकडे त्याच्या आकड्यांवर ओतून मोकळी व्हायची.

"काल मी आठ नंबरला जरासं खाली घेतलं होतं," तो केबिनच्या दारात उभा राहून म्हणायचा. "आज परत होतं तसंच झालं."

"मला सांगायचं ना. मी फाइलमध्ये बदलते."

"तुम्ही नव्हत्या. बाळाला डोस द्यायला गेल्या होत्या."

"मग थांबायचं."

"जॉब थांबत नाय मॅडम. बाळ बी थांबत नाय आन् जॉब बी नाय."

तो सहज बोलला असेल. पण बाळाचं नाव निघालं की उज्वलाला ते टोमण्यासारखंच ऐकू यायचं. त्या दिवशी तिच्या मनात आलं की हा माणूस एक दिवस मला उघडणार आणि स्वतःचे आकडे भरणार. तिने माझी एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आणि तो पर्समध्ये ठेवला, बाळाच्या टोपीच्या आणि ग्राइप वॉटरच्या कप्प्यात. जे जपायचं ते सगळं तिथे.

"मी फार संशयी झालेय का गं?" तिने एकदा छायाला विचारलं. छाया तिची मैत्रीण, तपासणी विभागातली, घोटीची. तयार झालेला जॉब मोजून पास-नापास करणं हे तिचं काम, त्यामुळे संशय घेण्याबद्दलच तिला पगार मिळायचा.

"तू आधीपासूनच होतीस," छाया म्हणाली. "बाळ झाल्यावर तुला कारण मिळालं."

मग खंडेनवमी आली.

मोठं मशीन आल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. अण्णांनी एका लेथवर धंदा सुरू केला तेव्हापासून पूजा चुकवलेली नाही. चकतीतली सगळी टूलं, ती ज्यात घट्ट बसवतात त्या होल्डरांसकट, बाहेर काढली. डिझेलच्या बोळ्याने पोरांनी ती अशी घासली की त्यांच्यावरचे जुने डाग, तेलकट बोटं, मार्करच्या खुणा सगळं गेलं आणि ती लग्नातल्या भांड्यांसारखी लखलखली. चौरंगावर पांढरं कापड, त्यावर टूलं मांडली, मोठी मध्ये, लहान कडेला. झेंडूच्या माळा इतक्या की मशीनचा हिरवा रंग दिसेना.

अण्णांच्या पत्नी, मालनबाई, ताम्हण घेऊन केबिनमध्ये आल्या आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर अडखळल्या.

"ह्या डब्याला कुंकू कुठं लावायचं गं?"

"स्क्रीनला नको काकू, खाली कीबोर्डला लावा," उज्वला म्हणाली.

"ह्या बटनांना? अक्षता आत गेल्या तर?"

"जाऊ द्या. आत गेल्या तर वर्षभर टिकतील."

बायका हसल्या. मला कुंकू लागलं नाही, माझ्यापर्यंत ते पोचतच नाही, पण कॉम्प्युटरच्या गळ्यात माळ पडली तेव्हा ती आपल्याचसाठी आहे असं मी धरून चालले. समाधान दुपारच्या बसने दसऱ्यासाठी गावी निघाला. उज्वलाच्या मुलीला सर्दी होती, ती आरती झाल्या झाल्या पळाली. कुणीतरी कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतरचं मला काही माहीत नाही, आणि सगळा घोटाळा नेमका तिथेच आहे.

दसरा झाल्यावरची सकाळ. समाधान सगळ्यांच्या आधी आला. टूलं चकतीत परत बसलेली होती, माळा सुकायला लागल्या होत्या. त्याने मशीनला नमस्कार केला, माझ्या कॉम्प्युटरचं बटन दाबलं. स्क्रिप्ट आली. मला उघडलं, वाचलं, बंद केलं. नेहमीसारखं.

सहा टूलांनी आपापलं काम बिनबोभाट केलं. मग मशीनने सात नंबर मागितला.

त्यानंतरचा आवाज मी केबिनमधून ऐकला. दारात बोट चेमटल्यावर माणूस जसा आधी श्वास आत ओढतो, तसं आधी काहीतरी आत ओढलं गेलं, मग तुटलं. समाधानने लाल बटनावर हात मारला. शेडमधली बाकीची मशीनं चालू असूनही सगळीकडे शांत झाल्यासारखं वाटलं.

उज्वला पोचली तेव्हा अण्णा मशीनसमोर उभे होते. सात नंबरचं ड्रिल मोडून जॉबमध्ये रुतलेलं. जॉब गेलेला. मशीनच्या मानेला, जिथे टूल फिरतं तिथे, धक्का बसलाय का, ते कळायला मार्ग नाही. हेल्मेटही न काढता उज्वला केबिनमध्ये आली आणि तिने पहिल्यांदा मला उघडलं. सात नंबरची ओळ बघितली. मग, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मला शेवटचं कधी लिहिलं गेलं, ती तारीख आणि वेळ बघितली.

आजची तारीख. आज सकाळची, ती यायच्या आधीची वेळ.

"अण्णा, ही फाइल आज सकाळी बदललीय," ती केबिनच्या दारातून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "मी यायच्या आधी."

माना समाधानकडे वळल्या.

"मी नुसतं बटन दाबलं," तो म्हणाला.

"बटन दाबून तारीख बदलत नाही."

"मला काय म्हाइत मॅडम. फाइल तुमची, तारीख तुमची."

"तुम्ही त्या आठ नंबरवरून किती दिवस म्हणत होतात."

"म्हणत होतो. म्हणणं येगळं आन् करणं येगळं."

अण्णांनी हात वर केला. "बास. शनिवारी मशीनचा इंजिनिअर येईल. तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाही. आणि समाधान, तू शनिवारपर्यंत काय केलंस ते सरळ सांग. नसेल सांगायचं तर सोमवारपासून येऊ नको."

समाधानने कमरेचं फडकं काढलं, घडी घातली, मशीनच्या दांडीवर ठेवलं आणि मागच्या बाजूला निघून गेला. त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसावं, किंवा खूप असावं. मला तेव्हा ठरवता आलं नाही. खरं सांगते, संशय मलाही आला. स्वतःचाही आला. कुणी मला झोपेत बदलून गेलं असेल तर मला काय कळणार?

उज्वलाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. टोपीतला एक लोकरीचा धागा त्याला अडकून आला. माझी नक्कल आणि मी, दोघींना तिने शेजारी शेजारी उघडलं आणि ओळीवर ओळ ताडून बघितली. सात नंबर, तोच. आठ नंबर, तोच. सगळे तेच. एक टिंबसुद्धा हललेलं नव्हतं.

इथे एखाद्या निश्चिंत बाईने मान्य केलं असतं की फाइल ठीक आहे, म्हणजे चूक दुसरीकडे आहे. पण संशयाची गंमत अशी की पुरावा सापडला तर तो बळावतो आणि नाही सापडला तर दुप्पट बळावतो. उज्वलाच्या मनाने लगेच जुळवून टाकलं. आधी आकडा बदलला असेल, ड्रिल मोडल्यावर घाबरून परत केला असेल. म्हणून तर तारीख आजची.

हे तिने अण्णांना सांगितलं नाही. आकडे जुळतात हेही सांगितलं नाही. खुर्चीत बसून तिने घरी फोन लावला. "तिने दूध घेतलं का? नक्की?"

पुढचे दोन दिवस समाधान शेडच्या मागच्या बाजूला जॉबच्या कडा घासत बसला. ते शिकाऊ पोरांचं काम. केबिनच्या काचेतून त्याची पाठ दिसायची. उज्वला दर थोड्या वेळाने मला उघडायची, सात नंबरची ओळ बघायची, बंद करायची. जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशी. शनिवारी त्या पाठीचं काय होणार हे तिला ठाऊक होतं आणि ते आपल्या एका वाक्याने होणार हेही ठाऊक होतं. वाक्य खरं असेल तर ठीक. पण खरं आहे का? नक्की?

शुक्रवारी दुपारी छाया डबा घेऊन केबिनमध्ये आली. दोघींनी डबे उघडले. छायाने उज्वलाच्या डब्यातली वांग्याची भाजी उचलली, एक घास खाल्ला आणि थांबली.

"ही भाजी आहे का काढा?"

"का? काय झालं?"

"सुंठ घातलीस तू यात. घसा मोकळा झाला माझा."

उज्वलाने चव घेतली आणि तिचा चेहरा पडला. "अगं, आईंनी दसऱ्याला मसाल्याचा डबा घासला. सगळ्या वाट्या धुऊन, पुसून, परत भरल्या. पण ठेवल्या त्यांच्या हिशोबाने. सकाळी माझ्या एका कडेवर बाळ, दुसऱ्या हाताने फोडणी. मी डब्यात बघतच नाही कधी. हात आपला जायचा तिथेच जातो. धन्याची पूड जिथे असते तिथे माझ्यासाठी आणलेली सुंठीची वाटी होती. दोन्हींचा रंग जवळजवळ..."

बोलता बोलता ती थांबली. घास हातात तसाच.

"काय गं?"

"घासला," उज्वला म्हणाली. "पुसून परत ठेवलं."

"हो, ते सांगितलंस तू."

"छाया, सात आणि आठ नंबरची ड्रिलं कशी दिसतात?"

"सारखी. एक लांब, एक आखूड. होल्डरमध्ये बसवल्यावर शेजारी शेजारी धरली तरच कळतं. म्हणून तर नंबर घातलेत मार्करने."

"होते घातलेले," उज्वला म्हणाली आणि डबा उघडाच टाकून उठली.

मला जागेवरून हलता येत नाही, पण केबिनचं दार उघडं राहिलं होतं. ती मशीनपाशी गेली आणि चकतीतलं आठ नंबरचं टूल काढायचं बटन शोधायला लागली. मग मागे वळली.

"समाधान, जरा आठ नंबर काढून द्याल?"

घासण्याचा आवाज थांबला. "मला हात लावायची बंदी हाय."

"मी सांगतेय ना."

"तुम्ही सांगितल्यानंच बंदी झाली."

तिने स्वतःच बटन दाबलं. होल्डर जड असतो, सुटला की थेट खाली येतो. तो सुटायच्या आत समाधान कधी येऊन उभा राहिला ते तिलाही कळलं नाही. त्याचा हात होल्डरच्या खाली होता.

"हात खाली धरायचा असतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पायावर पडलं असतं."

आठव्या कप्प्यातलं ते टूल दोघांनी मोजायच्या टेबलावर नेलं. होल्डरवर नंबर नव्हता, नुसती चकाकी होती. उज्वलाने मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला गेली तेव्हा समाधान म्हणाला, "तेच येणार." ती केबिनमध्ये आली, मला उघडलं. माझ्या आठ नंबरच्या ओळीशी ते माप जुळत नव्हतं. सात नंबरच्या ओळीशी मात्र तंतोतंत जुळत होतं. आठव्या कप्प्यात सात नंबरचं आखूड ड्रिल बसलेलं होतं. म्हणजे सातव्या कप्प्यात आठ नंबरचं लांब ड्रिल होतं, आणि मशीन बिचारं ते आखूड समजून बिनधास्त खाली उतरलं होतं.

माझा एकही आकडा खोटा नव्हता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला जरा ताठ बसावंसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही.

आरडाओरडा न होताही शेडमध्ये बातमी फिरते. अण्णा आले.

"अण्णा, पूजेनंतर टूलं परत कुणी बसवली?" उज्वलाने विचारलं.

"मी," अण्णा छाती भरून म्हणाले. "दसऱ्याला सोनं वाटून आलो आणि स्वतः बसवली. दरवर्षी मीच बसवतो. पूजेच्या हत्याराला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. एकेक कपाळाला लावून..."

ते बोलायचे थांबले. टेबलावरच्या त्या लखलखीत, बिननंबरी होल्डरकडे त्यांनी पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"लेथला काही फरक पडायचा नाही," ते हळू म्हणाले. "तिथं टूल दर वेळी नव्यानं लावून घेतात."

"इथे कप्पा बदलला की टूल बदलतं, अण्णा."

मालकाच्या देवभक्तीत चूक काढणं सोपं नसतं. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी हाताशी उरलेला शेवटचा मुद्दा धरला, जसा कुणीही धरला असता.

"ते ठीक. पण तुम्हीच म्हणालात, फाइल सकाळी बदललीय. ती कुणी बदलली? हा कशाला शिरला होता त्यात?"

समाधान उज्वलाकडे बघत होता. छायाही. मीही, खरं तर.

या क्षणी उज्वलाने "ते आता राहू द्या" म्हटलं असतं तरी चाललं असतं. समाधानची नोकरी वाचली होती, आणि थोडा संशय त्याच्या अंगाला चिकटून राहिला असता एवढंच. पण ती खुर्चीत बसली आणि स्क्रिप्टचं बटन दाबलं. स्क्रिप्ट आली, मला उघडलं, वाचलं, बंद केलं. मग उज्वलाने माझी तारीख बघितली.

आजची. आत्ताची. मिनिटाचाही फरक नाही.

"मीच," ती म्हणाली. "माझ्याच स्क्रिप्टने. फाइल नुसती वाचायला उघडायला हवी होती. मी ती वाचायला आणि लिहायला, दोन्हीसाठी उघडली, आणि वाचून झाल्यावर आहे तशीच परत लिहायला सांगितली. काही हरवू नये म्हणून. त्यामुळे रोज सकाळी, ज्याने कुणी बटन दाबलं असेल त्याच्या वेळेला, तारीख बदलते. आणि आकडे तर पहिल्या दिवसापासून जुळत होते, मी नक्कल ताडून बघितली होती. तेही सांगितलं नाही मी. समाधानने काहीही केलेलं नाही."

अण्णा म्हणाले, "चहा सांगा रे कुणीतरी."

"चहाचं बघू," समाधान म्हणाला. "सोमवारी येऊ का नको, तेवढं सांगा अण्णा."

"ये की. उद्याच ये. इंजिनिअर आला की त्याच्यासंगं तूच उभा राहा."

अण्णा गेले. जाताना त्यांनी मशीनच्या दांडीवरचं घडी केलेलं फडकं उचलून समाधानच्या खांद्यावर टाकलं. यापेक्षा जास्त माफी त्यांना मागता येत नसावी.

उज्वलाला मागायची होती. "समाधान, माझं चुकलं. मला वाटलं..."

"वाटू द्या मॅडम, वाटण्याला कोण आडवतं," तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच तिला जड गेलं. "पण तुम्ही ह्या फायलीला दिसातून धा बारा वेळा उघडून इचारत होत्या. काचेतून दिसायचं मला. मला मात्र एकदा बी नाय इचारलं."

"विचारलं होतं. तारीख कशी बदलली म्हणून."

"ते इचारणं नव्हतं मॅडम."

तो हात पुसत मशीनकडे गेला. उज्वला बसून राहिली. फोन समोर होता. तिने घरी फोन लावला. "आई, तिने दूध घेतलं का?" पलीकडून उत्तर आलं. उज्वलाचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलले, आणि मग ती म्हणाली, "बरं. आणि आई, तुम्ही जेवलात का?" पलीकडे पुन्हा बराच वेळ काहीच बोललं गेलं नाही. पण ही शांतता मला वेगळी वाटली. अर्थात माझं काय, मी सगळ्यातच काहीतरी शोधते.

आता माझं बरं चाललंय. उज्वलाने स्क्रिप्ट बदलली. आता ती मला फक्त वाचायला उघडते, परत लिहीत नाही, त्यामुळे माझी तारीख जागच्या जागी राहते. होल्डरांवर नंबर आता कोरून घेतलेत, डिझेलने जात नाहीत. झीज झाली की आठवड्यातून दोनदा समाधान केबिनमध्ये येतो, खुर्ची ओढतो आणि दोघं मिळून माझे आकडे बदलतात. तो सांगतो, ती टाइप करते, मग तो वाचून बघतो. भांडतात अजून, पण माझ्यासमोर भांडतात. कीबोर्डच्या फटीत अक्षतांचे दाणे अडकलेत, 'सात'चं बटन जरा जोरात दाबावं लागतं.

आणि अगदी वरची ती ओळ उज्वलाने खोडली. त्या जागी दुसरी लिहिली. तिलाही सुरुवातीची ती खूण आहे, त्यामुळे स्क्रिप्ट तिच्यावरून रोज ओलांडून जाते, मशीनपर्यंत ती कधी पोचत नाही. "आकडा चुकल्यासारखा वाटला तर आधी टूल बघा. मग समाधानला विचारा. मग फाइलवर संशय घ्या. सगळ्यात आधी उज्वलावर."

शेवटचं वाक्य समाधानने खोडायला सांगितलं होतं. म्हणाला, "एवढं बी नको मॅडम." ती म्हणाली, "राहू द्या." राहिलं.

तुम्ही मला उघडलंत, इथवर वाचलंत, आता बंद कराल. तेव्हा कॉम्प्युटर विचारेल, बदल जपून ठेवायचे का? तुम्ही काही बदललं नसेल याची मला खात्री आहे. जवळजवळ खात्री आहे. तरी 'नाही' म्हणा, माझ्यासाठी. आणि बंद केल्यावर लगेच मान वळवून तुमच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. माझ्याकडे फक्त आकडे आहेत. बाकीचं त्याला विचारा.